'यस' कोण दाबतो?



परवानगी विचारणारी चौकट असताना घरच्या संगणकाला वेगळा अँटीव्हायरस कशाला, हा गेल्या अंकातील पत्रलेखकांचा सवाल पटला नाही. २००७ मध्ये विंडोज व्हिस्टासोबत घरोघरी पोचलेली ही चौकट, प्रोग्रॅमला प्रशासकाचे अधिकार द्यायचे का, एवढेच विचारते. मुलांचे फोटो, जमिनीच्या उताऱ्याच्या स्कॅन प्रती या तुमच्याच खात्यातल्या फायली. त्यांना कुलूप घालून खंडणी मागायला ते अधिकार लागतच नाहीत. मे २०१७ मधला वॉनाक्राय हा खंडणीखोर प्रोग्रॅम तर विंडोजमधल्या त्रुटीतून थेट यंत्रात शिरला. त्यावरचे अपडेट मार्चमध्येच आले होते, अनेकांनी घेतले नव्हते.

आणि चौकट बहुतेक संगणकांवर इंग्रजीत. निपाणी-चिकोडीकडे मराठी-कन्नड दोन्ही सफाईने बोलणारी माणसेही ती न वाचता 'यस' दाबतात. लग्नपत्रिकांसाठी चोरीचे सॉफ्टवेअर टाकणाऱ्याला तर आधी अँटीव्हायरस बंद करा, अशी सूचनाच मिळते (आणि तो इमानेइतबारे पाळतो!). तिथे चौकट बिचारी काय करणार?

चौकट बंद करू नयेच. रोजच्या कामाला साधे खाते ठेवले तर ती पासवर्ड मागते; तो घरातल्या एका जाणत्याकडेच असावा. फोटोंची प्रत मात्र वेगळ्या हार्डडिस्कवर घ्यावी आणि काम झाले की ती डिस्क काढून ठेवावी.

— एक वाचक, निपाणी