पडद्यावरचे ‘हौ’ आणि ‘नक्को’

उन्हाळ्याची सुट्टी लागली की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. मार्क, ट्यूशन, दहावीनंतर काय, हे सगळे मागे पडते आणि एकच विचारणा येते : घरात सगळ्यांनी मिळून पाहता येईल असा एखादा हसवणारा हिंदी सिनेमा सांगा. यातला ‘सगळ्यांनी’ हा शब्द महत्त्वाचा. दादीजान आणि नववीतला नातू एका खोलीत बसलेले असताना अचानक रिमोट शोधण्याची पाळी कुणालाच नको असते. सिनेमा पाहूच नये असे मानणारी घरेही आपल्या वाचकांत आहेत, त्यांच्या मताचा आदर आहे. ज्या घरांत पाहिला जातो, त्यांच्यासाठी हे लिहिते.

सोपे उत्तर आधी देऊन टाकते. हृषीकेश मुखर्जींचा ‘गोलमाल’ (१९७९), म्हणजे अमोल पालेकर, उत्पल दत्त आणि मिशीचा तो. त्याच नावाचे अलीकडचे नव्हे. त्यात तोतऱ्या माणसावर हसवले जाते, आणि दुसऱ्या दिवशी वर्गातल्या कुणाला त्याची किंमत मोजावी लागते हे आम्हा शिक्षकांना माहीत असते. सई परांजपे यांचे ‘चश्मे बद्दूर’ (१९८१) आणि मुंबईतल्या चाळीतली ‘कथा’ (१९८३), दोन्हींत फारूख शेख आहेत. एकात सज्जन, दुसऱ्यात चलाख थापाड्या. लागोपाठ पाहिलेत तर नटाची कमाल कळेल.

आणि जॉनी वॉकर. इंदूरचे बद्रुद्दीन जमालुद्दीन काझी मुंबईत बेस्टच्या बसवर कंडक्टर होते. गुरुदत्त यांनी त्यांना चक्क व्हिस्कीचे नाव दिले. ‘बाजी’पासून (१९५१) पडद्यावर झिंगत राहिलेल्या या माणसाने प्रत्यक्षात कधी दारूला हात लावला नाही. ‘प्यासा’ (१९५७) हसण्याचा सिनेमा नव्हे, पण त्यातला मालिशवाला अब्दुल सत्तार आठवा. कवीचे सख्खे भाऊ त्याला ओळख देत नाहीत, तेव्हा वेड्यांच्या इस्पितळातून त्याला बाहेर काढायला हाच तेलाची बाटलीवाला धावतो. सत्तारवर आपण हसत नाही, सत्तार आपल्याला हसवतो. हा फरक लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

यावेळी मला खरे बोलायचे आहे ते आपल्या घरातल्या बोलीबद्दल. अहमदपूर, उदगीर, कंधार, देगलूर हा सगळा पट्टा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. आपल्या अम्मी-खाला जे बोलतात ती लखनौची उर्दू नाही, मुंबईची हिंदीही नाही, ती दखनी आहे. ‘हौ’, ‘काइकू’, ‘हल्लू’, ‘लोगां’, ‘बातां’. यातला ‘नक्को’ हा मराठी ‘नको’ आहे आणि ‘मैंच’, ‘उनोच’ यांतला ‘च’ही मराठीतूनच आलेला आहे. मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवते, त्यामुळे या ‘च’चा मला जरा जास्तच अभिमान आहे. वली औरंगाबादींच्या शायरीची मुळे याच भाषेत आहेत. गुलबर्ग्याचे सुलेमान खतीब हिच्यातच लिहून मुशायरे गाजवत, लोकांना आधी हसवत आणि मग गप्प करत.

हिंदी सिनेमाने मात्र ही बोली बहुतेक वेळा नोकराच्या तोंडी घातली. सगळ्यात गाजलेले उदाहरण राजा नवाथे यांचा ‘गुमनाम’ (१९६५). एकाकी हवेलीत एकामागून एक खून होत असतात आणि महमूद यांचा खानसामा हैदराबादी ढंगात बोलत फिरतो. सिनेमातली सगळी भीती तो एकटा पेलून धरतो. महमूद मोठे नट होते यात वाद नाही. स्वतःच्या मुलाला पोलिओ झाल्यावर त्यांनी ‘कुंवारा बाप’ (१९७४) काढला, तोही पाहण्यासारखा आहे. पण ‘गुमनाम’मध्ये नायक साफ हिंदी-उर्दू बोलतो आणि ‘नक्को’ म्हणणारा पोरीबाळींना हसण्यासाठी ठेवलेला असतो. ‘पडोसन’मध्ये (१९६८) हीच पाळी मद्रासी मास्टरजींवर आली, तेव्हा दक्षिणेतल्या एखाद्या घरालाही काही वाटले असेलच.

आता कुणी म्हणेल, मॅडम, विनोद आहे, एवढे काय मनावर घ्यायचे? मनावर घ्यायचे, कारण ते मुलांच्या मनावर जाते. आठवीतल्या एका मुलीने पालकसभेच्या आदल्या दिवशी आईला बजावले होते, “अम्मी, टीचर के सामने तुम बात नक्को करो.” गंमत बघा, बोलू नको हे सांगायलाही तिला ‘नक्को’च लागला. त्या माउलीने हे मला दारातच हसत हसत सांगितले. नंतर पूर्ण सभेत ती एक शब्द बोलली नाही. त्या मुलीला उर्दूत चांगले मार्क आहेत. मोबाईलवरच्या रील्समध्ये तिच्या अम्मीची भाषा कशासाठी वापरतात, हेही तिला ठाऊक आहे.

म्हणून माझ्या यादीत पहिला नंबर श्याम बेनेगल यांच्या ‘वेल डन अब्बा’चा (२०१०). बोमन इराणी यांचा अरमान अली मुंबईत एका साहेबाचा ड्रायव्हर. एक महिन्याची रजा घेऊन गावी गेलेला, तीन महिन्यांनी परततो. नोकरी जायच्या बेतात असते, तेव्हा पुण्याच्या वाटेवर गाडी चालवत तो साहेबाला उशिराची कहाणी सांगतो. गावी दारिद्र्यरेषेखालच्या लोकांसाठी विहिरीची सरकारी योजना असते. अर्ज केला, मंजुरी आली, आणि मग प्रत्येक टेबलाने आपापला हिस्सा काढून घेतला. शेवटी विहीर खणण्याऐवजी खणल्याचे फोटोच तयार करून देण्यात आले. कागदावर विहीर पूर्ण, पाणीसुद्धा गोड! मग बापलेक काय करतात? पोलीस ठाण्यात जाऊन तक्रार देतात, आमची विहीर चोरीला गेली. आणि हळूहळू गावातले बाकीचेही आपापल्या चोरीला गेलेल्या विहिरी शोधत येतात.

ही कथा जिलानी बानो यांच्या हैदराबादी मातीतल्या गोष्टीवर आधारलेली आहे. अशाच चोरीला गेलेल्या विहिरीवर मकरंद अनासपुरे यांचा ‘जाऊ तिथे खाऊ’ (२००७) मराठीत आधीच येऊन गेला होता. तोही पाहा, दोघांची तुलना करायला मुलांना सांगा. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेच्या टाक्यांतून पाणी आणावे लागलेल्या लातूर जिल्ह्यात हा विनोद समजावून सांगावा लागत नाही. आमच्या घरी हा सिनेमा लागला तेव्हा सासरे पहिली वीस मिनिटे पेपर वाचत होते. फोटोचा प्रसंग आला तसा पेपर खाली गेला आणि गावातल्या तीन-चार विहिरींची नावे त्यांनी तिथल्या तिथे घेतली. ती इथे छापण्यासारखी नाहीत.

अरमान अली दखनी बोलतो, पण हसू त्याच्या बोलण्याला येत नाही. हसू येते साफ भाषेत लाच मागणाऱ्याला. साठ वर्षांत एवढी एक गोष्ट बदललेली पाहायला मिळाली तरी पुष्कळ आहे. या सिनेमाला सामाजिक विषयावरचा राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला, थिएटरात मात्र तो आला कधी आणि गेला कधी कळले नाही.

दुसरा ‘द अंग्रेज’ (२००५). चारमिनारच्या कट्ट्यावर बसून बढाया मारणारा इस्माईलभाई आणि थापाड्या सलीम. सीडीच्या काळात तो घरोघर फिरला. यात बोली अस्सल आहे आणि लोक स्वतःवर हसतात, पण रिकामटेकडेपणाचे जरा जास्तच कौतुक आहे, काही शब्दही लहानांसमोर ऐकण्याजोगे नाहीत. मोठ्यांनी पाहावा. एक गोष्ट मुलांना जरूर सांगा : इस्माईलभाई झालेल्या नटाचे नाव धीर चरण श्रीवास्तव आहे. दखनी एका धर्माची नाही, या जमिनीची आहे.

तिसरा मालेगावचा. तिथे यंत्रमागाच्या खडखडाटात, व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेख यांनी गावातलीच माणसे घेऊन ‘मालेगाव के शोले’ काढला, गावच्याच बोलीत. मग ‘मालेगाव का सुपरमॅन’. सुपरमॅन कोण, तर शफीक शेख नावाचा काटकुळा यंत्रमाग कामगार. फैजा अहमद खान यांचा माहितीपट ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ तो सिनेमा कसा घडला हे दाखवतो आणि माहितीपट असूनही हसून हसून पुरेवाट होते. शफीक पुढे तोंडाच्या कर्करोगाने गेला. रीमा कागती यांचा ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ (२०२५ मध्ये थिएटरांत आला) याच माणसांवर आहे. घरात गुटखा खाणारे कुणी असेल तर त्यांना शेजारी बसवून पाहा, उपदेश करू नका.

सुरुवात ‘वेल डन अब्बा’ने करा. पहिला अर्धा तास जरा संथ आहे, धीर धरा. दादीजानना पुढच्या खुर्चीवर बसवा आणि सबटायटल बंद ठेवा. एखादा शब्द मुलांना अडला तर त्या सांगतील.