शेपटीचे वेगळे पैसे नाहीत



गेल्या आठवड्यात पुण्याहून भाचीचा फोन आला. घरात डॉबरमनचं पिल्लू आणायचं ठरलंय, आगाऊ रक्कमही देऊन झालीय. "आणि मामी, शेपूट तो माणूसच कापून देतो. पायांचे अंगठेही काढतो. त्याचे वेगळे पैसे नाहीत," असं ती अगदी आनंदाने म्हणाली. ही मुलगी मागच्या पर्युषणात अठ्ठाई करून बसली होती. मी नुसती "बरं" म्हटलं आणि फोन ठेवला. तेव्हा बोलायला हवं होतं ते आज लिहिते.

आधी माझी चूक सांगते. इथे अंजनवेलला आमच्या दारातही नऊ वर्षं डॉबरमन होता. दीपगृहाच्या रस्त्याने मुलाची गाडी वळली की तो कंबरेपासून मागचं सगळं अंग हलवायचा. आम्ही हसायचो. मला वाटायचं, ही जातच बिनशेपटीची. तो म्हातारा झाल्यावर जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितलं, "वहिनी, या जातीला चांगली लांब शेपटी असते. तुमच्याकडे येण्याआधीच कापलेली आहे." नऊ वर्षं आम्ही ज्याला त्याची गंमत म्हणत होतो, ते शेपूट नसलेल्या जिवाचं शेपूट हलवणं होतं.

हे कसं करतात ते एकदा ऐकाच. पिल्लू तीन ते पाच दिवसांचं, डोळेही न उघडलेलं. शेपटी कात्रीने छाटतात, नाहीतर घट्ट रबर बांधून वाळून गळू देतात. भूल बहुतेक वेळा देतच नाहीत. शेपटी म्हणजे पाठीच्या कण्याचाच पुढचा भाग. तिच्यात मणके आहेत, स्नायू आहेत, नसा आहेत. पुढच्या पायाचा अंगठाही हाडाने जोडलेला असतो. कुत्रा त्याने भाकरीचा तुकडा दाबून धरतो, जोरात वळताना पाय वाकला की तो जमिनीला टेकतो. त्याचं नख चालताना झिजत नाही, वाढून रुततं, हे खरं. पण त्यावर उपाय नखं कापायचा आहे, बोट कापायचा नाही.

"इतक्या लहान पिल्लाला काय कळतं?" असं म्हणणारे खूप भेटतील. 1996 साली ऑस्ट्रेलियात 50 पिल्लांच्या शेपट्या कापताना नोंदी घेतल्या होत्या. कापण्याच्या क्षणी सगळीच्या सगळी पिल्लं ओरडली. खरं तर आपल्याला अशा अभ्यासाची गरज पडायला नको. पाणी गाळताना, भाजी निवडताना आपण डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवाला जपतो. आणि पाच इंद्रियांचा, ओरडणारा जीव समोर असताना विचारायचं, त्याला कळतं का?

दुसरं कारण देतात की झाडाझुडपांत धावताना शेपटीला इजा होते, म्हणून आधीच काढलेली बरी. ब्रिटनमध्ये 2010 साली सुमारे 1 लाख 38 हजार कुत्र्यांच्या नोंदी तपासल्या. शेपटीच्या जखमा निघाल्या 281. अभ्यासकांचा हिशोब असा की एका कुत्र्याची जखम टाळायला साधारण 500 कुत्र्यांच्या शेपट्या कापाव्या लागतील. पाचशे नारळ फोडून एक नासका टाळायचा, असा व्यवहार आपल्यातली कोणती गृहिणी करील?

आणि पुण्याच्या सोसायटीत सातव्या मजल्यावर राहणारा कुत्रा कोणत्या झुडपात शिरणार आहे? तिथे खरं कारण एकच, रुबाबदार दिसतं. दोन हजार वर्षांपूर्वी रोमचे मेंढपाळ पिल्लांच्या शेपटीचं टोक तोडायचे, कारण त्याने कुत्रा पिसाळत नाही अशी त्यांची समजूत होती. कोलुमेला नावाच्या लेखकाने ते लिहून ठेवलंय. त्यांना निदान पिसाळण्याची भीती तरी होती. आपल्याला कसली आहे?

आता आपल्या घरचं बोलू. प्रतिक्रमणात पहिल्या अणुव्रताचे पाच अतिचार आपण आठवतो: बंध, वध, छविच्छेद, अतिभार आणि अन्नपाण्याचा विच्छेद. दिगंबर भगिनी छेद म्हणतात, अर्थ तोच. आपल्या आचार्यांनी त्याचा अर्थ मोघम ठेवलेला नाही. प्राण्याचे कान, नाक असे अवयव कापणं म्हणजे छेद. हा दोष कुठल्या परक्या शिकाऱ्याचा म्हणून सांगितलेला नाही. घरात जनावर बाळगणाऱ्या श्रावकासाठीच तो वेगळा काढून सांगितलाय. मी किती वर्षं तो शब्द म्हटला आणि माझ्याच दारात त्याचा अर्थ बसलेला होता.

"आपण थोडंच कापलं, त्याने कापलं," असं भाची म्हणेल. पण करणं, करवणं आणि अनुमोदणं, तिन्हींचा दोष असतो हे आपण मुलांना पाठशाळेत शिकवतो. पैसे मोजले तिथे करवणं आलं. "किती छान दिसतो गं!" म्हटलं तिथे अनुमोदणं आलं. कुत्रा न पाळणाऱ्यांनीही हे ऐकावं, कारण कौतुक आपण सगळ्याच करतो.

कायद्याच्या भरवशावर राहू नका. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात प्राण्याला विद्रूप करणं हा गुन्हा आहे, पण पहिल्या गुन्ह्याला दंड 10 ते 50 रुपये. 2011 साली भारतीय पशुवैद्यक परिषदेने शेपट्या आणि कान कापू नयेत असं कळवलं, तेव्हा केनेल क्लब ऑफ इंडिया मद्रास उच्च न्यायालयात गेला आणि 2013 साली ते पत्र रद्द झालं. मोठी माणसं कोर्टात भांडोत. आपला नियम त्याहून जुना आहे.

कोणी विचारेल, शेपटी सडली, गाठ झाली तर? मागच्या पायाचा लोंबता अंगठा सारखा फाटत असेल तर? तर डॉक्टरांनी भूल देऊन काढावा. तो उपचार आहे, जिवासाठी आहे. नसबंदीबद्दल आपल्यात मतभेद आहेत, पण तिच्यामागे उपाशी मरणाऱ्या पिल्लांची काळजी तरी आहे. रुबाबासाठी शेपूट कापण्यामागे कुत्र्याच्या हिताचं काहीच नाही.

एक गोष्ट मात्र नीट लक्षात ठेवा. आपण पिल्लू बघायला जातो ते दीड-दोन महिन्यांचं. तोवर सगळं होऊन गेलेलं असतं आणि मग "आता कापलंच आहे, घेऊ या" म्हणतो. म्हणून पिल्लं जन्मायच्या आधीच सांगायचं, "शेपूट, कान, अंगठे, काही कापायचं नाही. कापलंत तर घेणार नाही." आणि खरंच नाही घ्यायचं. गिऱ्हाईक नाही म्हणालं की कात्री थांबते. किंवा गावातलं एखादं पिल्लू घरी आणा. आमच्या गोपाळगडाच्या वाटेवरच्या कुत्र्यांच्या शेपट्या कशा झोकात वर वळलेल्या असतात, बघून जा एकदा.

काल भाचीला मी परत फोन केला. हेच सगळं सांगितलं. ती गप्प झाली, मग म्हणाली, "मामी, कुत्रीला अजून पिल्लं व्हायची आहेत. आजच त्यांना सांगते."

अजून वेळ आहे म्हणायची.