रद्दीचे मोल

लॅटव्हियाने १८ नोव्हेंबर १९१८ रोजी स्वातंत्र्य घोषित केले आणि बरोबर महिन्याभराने त्या देशाचे पहिले टपाल तिकीट निघाले. युद्धामुळे कागद दुर्मीळ झालेला. तेव्हा उपयोग सरलेल्या जर्मन लष्करी नकाशांच्या पाठीवरच ती तिकिटे छापली गेली. त्यांतील एखादे आज उलटून पाहिले तर मागे कुठल्याशा रस्त्याचा वा ओढ्याचा तुकडा दिसतो. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश वैमानिकांना शत्रुप्रदेशातून निसटण्यासाठी रेशमी नकाशे दिले जात. युद्ध संपले, नकाशे निरर्थक झाले. रेशीम मात्र रेशीमच राहिले. ब्रिटनमध्ये कपड्यांचे रेशनिंग १९४९ पर्यंत चालू होते. शिल्लक नकाशे विक्रीस येताच त्यांचे कपडे शिवले गेले, यात नवल ते काय!

टाकाऊपणा हा बहुधा वस्तूचा गुण नसतोच. एक उपयोग संपला की वस्तूच संपली, असे आपण धरून चालतो. पावाची कणीक प्रमाणाबाहेर फुगून खाली बसली म्हणजे तिच्यातील साखर यीस्टने खाऊन टाकलेली असते आणि वायू धरून ठेवणारी चिकट जाळी सैल पडलेली असते. तिचा पाव दडदडीत होणार. पण तीच थोडी थोडी ताज्या कणकेत मिसळली तर विरजणाचे काम करते, शिवाय स्वादही आणते. अर्थात प्रत्येक पुनर्वापर शहाणपणाचा नव्हे. वर्तमानपत्रात भजी बांधून देण्यास २०१८ च्या नियमांनी मनाई केली, ती शाईमुळे, आणि ती योग्यच आहे.

खरी अडचण हिशेबाची आहे. गृहिणीने बिघडलेली कणीक वाचवली, जुन्या लुगड्यांची गोधडी शिवली, तर राष्ट्रीय उत्पन्नात एका पैशाचीही भर पडत नाही. तीच कणीक फेकून बाजारातून पाव आणला तर भर पडते. इतकेच नव्हे, फेकलेले उचलण्यावर नगरपालिकेने केलेला खर्चही उत्पन्नातच जमा होतो! अशा आकड्यांवर नजर ठेवून धोरणे आखणाऱ्यांना काटकसर ही मंदीची लक्षणे वाटू लागली, तर दोष एकट्या त्यांचा नाही.

राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये लोकांचा वेळ कशात जातो याची देशव्यापी पाहणी केली. घरकामाचे तास तीत मोजलेले आहेत. त्या तासांची किंमत लावून राष्ट्रीय उत्पन्नाला निदान एक पुरवणी तक्ता दरवर्षी जोडण्यास काय हरकत आहे?