जुनी डिझेल गाडी: जवळच्या फेऱ्यांसाठी परवडते का?

निमगाव सावातून नारायणगावचा बाजार, मुलांची शाळा, दवाखाना. गाडीचा वापर बहुतांश एवढाच असेल, तर सेकंड हँड डिझेल गाडी घ्यावी का?

आधी हिशोब: समजा, महिन्याला 500 किमी फिरणं आहे. पेट्रोल 104 आणि डिझेल 91 रुपये लिटर, मायलेज अनुक्रमे 15 आणि 18 धरलं, तर महिन्याची बचत साधारण 900 रुपये. इंजेक्टर किंवा टर्बोचं एक मोठं काम निघालं की वर्षभराची बचत संपते.

खरी अडचण कुठे? 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 नियम लागू झाले. या डिझेल गाड्यांत काजळी अडवणारा डीपीएफ फिल्टर असतो. काजळी जळायला गाडी काही वेळ सलग वेगात चालावी लागते. छोट्या फेऱ्यांत ते होत नाही आणि फिल्टर तुंबतो.

मग बीएस-4 घ्यावी? बहुतेक बीएस-4 गाड्यांत हा फिल्टर नाही, पण वय बघावं. 15 वर्षांनंतर नोंदणीचं नूतनीकरण करावं लागतं. दिल्लीतल्या 10 वर्षांवरच्या डिझेल गाड्या स्वस्त दिसतात. मात्र एनओसी आणि इथला रोड टॅक्स किमतीत धरावा.

डिझेल कुणाला? दर आठवड्याला नाशिक हायवेने पुण्याला जाणाऱ्यांना.

व्यवहाराआधी इंजिन थंड असताना सुरू करून धूर पाहावा आणि आरसीवर कर्जाचा बोजा आहे का, हे तपासावं.