टाचेच्या गियरला हसू नका

आपल्या पुण्या-मुंबईच्या टूरिंग मंडळींची एक फॅशन आहे. मीटिऑर ३५० किंवा होंडाची हायनेस घरी आली की पहिल्याच रविवारी गियरच्या लीव्हरचा मागचा अर्धा भाग गॅरेजात कापून टाकायचा, नाहीतर एकेरी लीव्हर बसवायचं. कारण? "दूधवाल्याची गाडी वाटते यार."

दूधवाल्याची वाटते तर वाटू द्या की! तो वर्षभर रोज गाडी चालवतो, आपण लॉंग वीकेंडला.

समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण झाला, पण त्यावर दुचाकीला बंदी. म्हणजे आपण आपले जुन्याच रस्त्याने: जालना, सिंदखेडराजा, मेहकर, मालेगाव, किन्हीराजा, कारंजा. प्रत्येक गावाला स्पीडब्रेकर, मध्येच ट्रॅक्टर, मध्येच म्हैस. दोन गियर खाली, परत दोन वर, दिवसभर. एकेरी लीव्हरला वरचा प्रत्येक गियर बुटाच्या टोकाने उचलावा लागतो. पावसात ओला बूट घसरतो, कोरड्यात त्याचं वरचं चामडं झिजतं. टाचेने मात्र नुसता पायाचा भार टाकायचा. किन्हीराजाला स्लिपर घालून, मागे सोयाबीनचं पोतं बांधून निघालेल्या माणसाला अंगठ्याने लीव्हर उचलायला सांगून बघा, काय ऐकवतो ते.

रेसच्या गाडीत पाय मागे दुमडलेला असतो, तिथे टाच कामाची नाही, मान्य. पण आपण मेहकरच्या घाटात कुठली रेस लावतोय?

सवय लागायला आठवडाभर जातो, हे खरं. पाय मागे सरकवताना टाच चुकून टेकते, नको असताना वरचा गियर पडतो आणि गाडी धापा टाकते. घरच्या शंभर सीसीवर शिकलेल्यांचा गोंधळ आणखी मोठा. तशा बऱ्याच गाड्यांत चारही गियर पुढे दाबून पडतात आणि टाचेने उतरतात. इथे बरोबर उलटं.

आणि "बूट अडकतो हो" ही तक्रार? अहो, लीव्हर दातेरी शाफ्टवर बसवलेलं असतं. बोल्ट सैल करा, लीव्हर ओढून काढा, एक दाता फिरवून परत बसवा. पाच मिनिटांचं काम. एवढ्यासाठी करवत कशाला?

तरीही कापायचंच असेल तर आधी भर पावसात जालना ते कारंजा एकदा चालवून या. मग खुशाल कापा.