पहिली गाडी मापाची घ्या, मिरवायची नंतर



भात झोडून झालं. खाचरात वाल टोकलाय, ओल चांगली आहे, उगवणही बरी दिसतेय. म्हणून आज पिकाची नोंद बाजूला ठेवतो. दसऱ्यापासून पाच-सहा जणांनी एकच प्रश्न विचारलाय: "दादा, पोराला पहिली मोटरसायकल घ्यायचीय, कोणती घेऊ?" विचारणाऱ्यांत एक कृषी सहाय्यक ताई पण आहेत. नवी नोकरी, रोज बांधावर फिरायचं, आणि आजवर सायकलपलीकडे काही चालवलेलं नाही.

माझं मत सरळ आहे. पहिली गाडी हलकी घ्या, जमलं तर जुनी घ्या, आणि गाडीच्या आधी लर्निंग लायसन्स आणि हेल्मेट घ्या. का ते सांगतो.

आपण बैल घेताना दात बघतो, खांदा बघतो, नांगराला जुंपून चार तास फिरवून बघतो. म्हैस घेताना दोन वेळची धार काढून बघतो. आणि लाख-दीड लाखाची गाडी घेताना पोरगा फक्त रंग बघतो, बाप फक्त हप्ता बघतो. जिच्यावर पोराचा जीव बसणार ती वस्तू आपण सगळ्यात कमी तपासून घेतो.

माझ्या पुतण्याचं सांगतो. चौदाव्या वर्षी खळ्यावर गाडी शिकला. शिकला म्हणजे काय, चुलत्याने मागे बसून "क्लच सोड, क्लच सोड" ओरडलं आणि गाडी पळाली. पुढे महापेला नोकरी लागली, पहिल्या तीन पगारांत मोठी जड गाडी हप्त्यावर आली. ठाणे-बेलापूर रस्त्यावर डंपरमधून सांडलेली खडी, पुढे गाड्या थांबलेल्या, याने घाबरून पुढचा ब्रेक करकचून दाबला. गाडी आडवी. गळ्याजवळचं हाड मोडलं. डोक्यात हेल्मेट होतं म्हणून आज बोलतोय. लर्निंग लायसन्सची मुदत संपून दोन महिने झाले होते, त्यामुळे गाडीच्या नुकसानीचा विमा मिळाला नाही. हप्ते मात्र चालू राहिले.

दहा वर्षं "गाडी येते" म्हणणारं पोर. पण ब्रेक कसा लावायचा हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. आम्हीच शिकवलं नव्हतं.

आता गाडीचं माप. शोरूममध्ये सगळे मायलेज विचारतात, वजन कुणी विचारत नाही. होंडा शाईन १०० साधारण ९९ किलोची आहे. स्प्लेंडर प्लस ११२ किलोच्या आसपास. पल्सर १५० जवळपास १४८. बुलेट ३५० म्हणजे १९५ किलो. स्प्लेंडर आणि बुलेटमध्ये ८३ किलोचा फरक. युरियाची गोणी ४५ किलोची असते. म्हणजे शिकणाऱ्याच्या अंगावर जवळजवळ दोन गोण्या जास्त. चिखलाच्या बांधावर दोन गोण्या घेऊन चालून बघा, मग ठरवा.

घेण्याआधी चार गोष्टी करून बघा. सीटवर बसून दोन्ही पाय जमिनीला पुरते टेकतात का? नुसती बोटं टेकत असतील तर पहिल्या वर्षी ती गाडी नको. दुसरं, उतारावर बसून पायाने गाडी मागे ढकलता येते का? तिसरं, मऊ जागेवर आडवी पाडलेली गाडी एकट्याला उचलता येते का? शोरूममध्ये हे करू देणार नाहीत, म्हणून ओळखीच्या कुणाची तीच गाडी मागून घ्या. चौथं, हँडल पूर्ण वळवून छोट्या जागेत फिरवता येते का? ताईंनाही मी हेच सांगितलं. उंची कमी असेल तर स्प्लेंडरसारख्या गाडीची सीट साधारण ७८५ मिलिमीटरवर असते. बजाजच्या सीएनजीवाल्या फ्रीडमची ८२५ मिलिमीटरच्या आसपास. सीएनजी नवी मुंबईत सहज मिळतो, खर्च वाचतो हे खरं. पण आधी पाय टेकू द्या, बचत नंतर.

जुनी घ्या असं का म्हणतो? कारण शिकताना गाडी पडणार. नवी गाडी पडली की बाप ओरडतो, पोर पडल्याचं लपवायला शिकतं. जुनी पडली तर इंडिकेटर बदलून काम भागतं. मात्र जुनीची पारख करा. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, २३२२ असेल तर तो टायर २०२२ सालच्या २३ व्या आठवड्यातला. पुढच्या शॉकअपवर तेल ओघळलंय का बघा. चेन ओढून बघा, स्प्रॉकेटचे दात टोकदार झालेत का बघा. विमा चालू आहे का, दंडाची चलनं बाकी आहेत का, ते नंबरावरून आधी तपासा. आणि आरसी नावावर करून घ्या. "नंतर करू" म्हटलं की ते राहून जातं, अपघात झाल्यावर दोन्ही घरं कोर्टात.

आणखी एक. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांना सीबीएस आणि त्यावरच्यांना एबीएस सक्तीचं झालं. सीबीएस म्हणजे मागचा ब्रेक दाबला की पुढचाही थोडा लागतो. एबीएस चाक लॉक होऊ देत नाही. शिकणाऱ्यासाठी दोन्ही उपयोगाचे. म्हणून जुनी घ्यायची तर शक्यतो २०१९ नंतरची बघा.

आता शिकण्याचं. कायदा म्हणतो गिअरच्या गाडीला १८ वर्षं पूर्ण हवीत. १६ व्या वर्षी फक्त ५० सीसीच्या आतली बिनगिअरची. आपल्याकडे दुधाला, खताला वापरतात ती एक्सएल १०० जवळजवळ १०० सीसीची आहे, ती यात बसत नाही. लर्निंग लायसन्स सहा महिने चालतं आणि ३० दिवसांनंतर पक्क्यासाठी परीक्षा देता येते. हे ३० दिवस म्हणजे सरकारने दिलेला शिकायचा हंगामच आहे. आपण तो आरटीओच्या तारखेची वाट बघण्यात घालवतो.

पहिला आठवडा खळ्यावर. दोन दिवस इंजिन बंद. गाडी ढकलायची, थांबवायची, स्टँडवर लावायची, वजन अंगाला कळू द्यायचं. मग सपाट जागी पहिल्या गिअरमध्ये, ॲक्सिलरेटर न देता, फक्त क्लच हळू सोडून पाय टेकत चालायचं. क्लच कुठे धरतो हे हाताला कळलं की निम्मं शिक्षण झालं.

दुसरा आठवडा वळणं आणि ब्रेक. दोन दगड ठेवून आठचा आकडा काढायचा, तोही हळू. जोरात गाडी कुणीही चालवतं, हळू चालवता आली तर ती आली म्हणायचं. ब्रेक दोन्ही लावायचे. पुढचा ब्रेक झटक्याने नाही, धार काढताना सड दाबतो तसा वाढवत दाबायचा. ब्रेक लागला की वजन पुढच्या चाकावर येतं, म्हणून थांबवायचं मुख्य काम पुढचाच ब्रेक करतो. पण खडी, चिखल, वाळूवर तोच झटक्याने दाबला की चाक घसरतं. खळ्याची धूळ हे शिकायला फुकटची शाळा आहे.

तिसरा आठवडा गावचा रस्ता, मागे लायसन्सवाला माणूस. लर्निंगवर शिकवणाऱ्याशिवाय दुसरं कुणी मागे बसवता येत नाही. गाडीला पांढऱ्यावर लाल 'एल' लावायचा, लाजायचं कारण नाही. ताशी ४० ने जाताना एका सेकंदात ११ मीटर अंतर जातं, म्हणून नजर चाकापुढे नको, लांब हवी.

चौथा आठवडा शहर. रविवारी सकाळी, ट्रॅफिक जागं व्हायच्या आत, नोडमधले रुंद रस्ते घ्या. सिग्नल, लेन, वळताना मागे बघणं हे तिथे शिका. पाम बीच रस्ता वाशीपासून बेलापूरपर्यंत सरळ आहे, आणि सरळ रस्ताच नवख्याला वेग चढवायला लावतो. तो शेवटी. जेएनपीटीचे ट्रेलर आणि डंपर यांच्या डाव्या बाजूने कधी घुसायचं नाही. ड्रायव्हरला तिथलं दिसत नाही आणि वळताना मागची चाकं आत येतात. तुर्भ्याच्या मार्केटबाहेर पहाटे पालापाचोळा पडलेला असतो, त्यावर ब्रेक लावला तर शेवाळावर पाय पडल्यासारखं होतं. पहिल्या पावसात रस्त्यावरचं तेल वर येतं, तेव्हा दोन दिवस बसने जा.

आणि मोबाईलच्या मॅपमध्ये दुचाकी निवडा. मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर आणि अटल सेतूवर मोटरसायकलला बंदी आहे. कारचा मार्ग लावून निघालेला नवखा कळंबोलीला किंवा उलव्याजवळ चुकीच्या रस्त्याला लागतो आणि मग उलटा फिरायला बघतो.

आता जी गोष्ट लिहिल्यावर काही जण रागावतील ती. नववी-दहावीच्या पोराच्या हातात आपण चावी देतो. दूध घालायचं असतं, डब्बा पोचवायचा असतं, मजूर आणायचे असतात. मी हे केलंय, म्हणून नाकारत नाही. घरात माणूस कमी आणि काम जास्त, ही खरी अडचण आहे. पण २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन पोर गाडीवर सापडलं तर पालक किंवा मालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद, २५ हजार दंड, गाडीची नोंदणी १२ महिने रद्द, आणि पोराला वयाच्या २५ व्या वर्षापर्यंत लर्निंग लायसन्स नाही. "गावात कोण पकडतो" म्हणाल. पोलीस नाही पकडत, रस्ता पकडतो. केंद्र सरकारच्या अहवालात २०२२ साली देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेल्याची नोंद आहे. त्यात जवळपास ४४.५ टक्के दुचाकीवरची. हेल्मेट नसलेले ५० हजारांवर. आणि एकूण मृत्यूंपैकी दोन तृतीयांशाहून जास्त ग्रामीण भागातले.

लायसन्सचा संबंध आपल्या पैशाशीही आहे. गाडीमालकाला १५ लाखांचं व्यक्तिगत अपघात संरक्षण असतं, ते वैध लायसन्स असेल तरच. गोपीनाथ मुंडे योजनेतून शेतकऱ्याच्या अपघाती मृत्यूनंतर घराला दोन लाख मिळतात, तिथेही अपघातात गाडी तो स्वतः चालवत असेल तर लायसन्सची प्रत मागतात. कागद नसेल तर माणूसही गेला आणि मदतही गेली.

२०१७ साली यवतमाळमध्ये फवारणीच्या विषबाधेने माणसं गेली. त्यानंतर आपण सगळेच मास्क, हातमोजे सांगायला लागलो. त्याआधी काय म्हणायचो? "इतकी वर्षं मारतोय, काय होत नाही." हेल्मेटबद्दल आपण अजून त्याच जागी आहोत. आयएसआय खुणेचं, पट्टा बांधून, आणि दोन घ्या, मागच्यालाही डोकं असतं. चपलेवर गिअर मारू नका, बूट घाला.

एक आमच्या भागाचं. १९७० साली सिडको आली, खाचरं गेली. १९८४ च्या आंदोलनात पाच जणांनी जीव दिला, पुढे साडेबारा टक्के मिळाले. प्लॉट विकून पैसा आला आणि पैशाची पहिली खरेदी बऱ्याच घरांत मोठी मोटरसायकल होती. ज्या रस्त्यांवर ती पळाली तिथे कधी आमच्याच आज्याचा भात होता. गाडी घेऊ नका असं मी म्हणत नाही. पोरांनी मिरवावं, त्यांचा हक्क आहे. फक्त पहिलं वर्ष हलक्या गाडीवर काढा. एक पावसाळा, एक उन्हाळा. मग हवी ती घ्या.

ताईंनी जुनी ११० सीसी घेतली. परवा खळ्यावर आठचा आकडा काढताना दोनदा पडल्या, दोनदा स्वतः उचलली. तिसऱ्यांदा आकडा पूर्ण झाला. पुतण्या बाजूला उभं राहून सांगत होता, "ताई, पुढचा ब्रेक हळू."

तुमच्या घरात पहिली गाडी कशी आली, कोणी कसं शिकवलं, लिहा. वाल फुलावर आला की पुढची नोंद.