जुन्या यंत्राची नवी सोयरीक

दिवाळीची आवराआवर निघाली की पहिली संक्रांत येते ती जुन्या संगणकावर. त्यातून त्याचा पडदा काळा पडला असेल, तर घरची मंडळी एकमताने निकाल देतात, "आता नवाच घ्या!" वास्तविक पडदा गेला म्हणजे यंत्र गेले, असे मुळीच नव्हे.

वेल्ह्याला तोरण्याच्या पायथ्याशी माझ्या आतेभावाचे खत-बियाण्यांचे दुकान आहे. भात निघाल्यावर फिटायची साऱ्या पंचक्रोशीची उधारी त्याच्या पंधरा वर्षांच्या संगणकात. लक्ष्मीपूजन चार दिवसांवर आले आणि पडदा गेला! भोरहून त्याने दुसऱ्याच कंपनीचा नवा पडदा आणला, तर तारेचे तोंड जुळेना. एका दुकानदाराने सल्ला दिला, "सगळा संचच बदला." वहीपूजन तोंडावर आणि वहीच उघडेना! त्याचा फोन आला तेव्हा मी म्हटले, "दादा, कंपनीचे नाव राहू दे. दोन्ही यंत्रांची पाठ बघ."

गोष्ट अशी आहे. तीन ओळींत पंधरा टाचण्यांची 'व्हीजीए' जोडणी आयबीएमने १९८७ साली आणली. तिच्यातून तांबडा, हिरवा आणि निळा रंग विजेच्या कमी-अधिक दाबाने वाहतात. २००२ साली ठरलेली 'एचडीएमआय' सारे चित्र आकड्यांत पाठवते. एकीची भाषा दुसरीला कळत नाही, म्हणून नुसत्या तारेने भागत नाही. मधे दुभाषा लागतो. तो म्हणजे मुठीत मावणारा 'कन्व्हर्टर'.

तेव्हा वाचकहो, नव्या पडद्याला जुने पंधरा छिद्रांचे तोंडही आहे का, ते आधी पाहा. असेल तर साधी तार पुरे. नसेल तर 'व्हीजीएतून एचडीएमआय' असाच कन्व्हर्टर मागा. उलट दिशेचा अगदी तसाच दिसतो, पण इथे कामाचा नाही. त्याची बारीक तार संगणकाच्या यूएसबीत खोचा, म्हणजे त्याला वीज मिळेल. मग पडद्याच्या बटणाने एचडीएमआय निवडा. चेहरे ताणलेले दिसले, तर मांडणीत १९२० × १०८० हे माप आहे का पाहा. जुन्या यंत्राला ते झेपत नसेल, तर थोडे ताणलेले चित्र गोड मानून घ्यावे.

दादाची उधारी पूजेच्या आदल्या दिवशी पडद्यावर उमटली. मात्र पडदा नवा झाला तरी आतली तबकडी जुनीच. म्हणून पूजेपूर्वी हिशेबाची एक प्रत पेनड्राइव्हवर घ्यायला लावली. तुमच्या घरी फोटो असतील, पत्रे असतील; तुम्हीही घ्या. पडदा बाजारात मिळतो, ती मिळत नाहीत.